घरात दम्याचा रुग्ण आणि विडी ओढणारे काकाही: क्रूझ कोणती, केबिन कुठली?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. आम्ही आठ जण, चार केबिन. वडील ७१ वर्षांचे, दमा आहे, इनहेलर रोज लागतो. दोघे काका विडी-सिगारेटवाले, ते सोडणार नाहीत. पर्याय दोन क्रूझ कंपन्यांचे: मुंबईहून कॉर्डेलिया, किंवा सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन. एजंट म्हणतो, 'धुम्रपानाचे नियम सगळीकडे सारखेच, केबिनमध्ये बंदी, काळजी करू नका.' खरंच सारखे असतात का? आणि केबिन घेताना नेमकं काय बघायचं?

डेकवरचा पाटील (भुसावळ)

एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धं सांगतोय. केबिनमध्ये बंदी आता जवळपास सगळ्याच मोठ्या कंपन्यांत आहे. बाल्कनीत पूर्वी चालायचं. २०१२ ते २०१४ या दोन-तीन वर्षांत प्रिन्सेस, डिस्नी, रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन यांनी एकापाठोपाठ तेही बंद केलं. त्यामुळे 'केबिनमध्ये ओढता येतं का?' हा प्रश्न विचारण्यात अर्थ उरलेला नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी: कॅसिनो आणि उघडा डेक.

कॅसिनोचं आधी. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर कॅसिनोत ओढायला बंदी आहे. डिस्नीच्या जहाजांवर कॅसिनोच नाही. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलच्या बहुतेक जहाजांवर मात्र कॅसिनोत ओढता येतं. 'कॅसिनोत धूम्रपानमुक्त विभाग आहे' असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. अनेकदा तो एकाच खोलीतला वेगळा कोपरा असतो, मध्ये भिंत नसते, आणि धुराला विभाग कळत नाही. जहाजाच्या नकाशात एवढंच शोधा की जेवणाच्या हॉलमधून थिएटरला जाताना कॅसिनोतूनच जावं लागतं का. लागत असेल तर वरच्या किंवा खालच्या डेकने वळसा घालून जायचा रस्ता आधीच ठरवून ठेवा. दम्याच्या माणसाला रोज संध्याकाळी दोनदा तिथून नेणं म्हणजे बाकी सगळी काळजी पाण्यात.

आता उघडा डेक. रॉयल कॅरिबियनच्या बहुतेक जहाजांवर बाहेर ओढायची जागा स्टारबोर्डला असते. ओअॅसिस आणि क्वांटम वर्गाच्या (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याची जहाजं) जहाजांवर ती पोर्टला असते. म्हणजे एकाच कंपनीत जहाज बदललं की बाजू बदलते! म्हणून एजंटाला कंपनी विचारू नका, जहाजाचं नाव विचारा, मग त्या जहाजाचा वर्ग बघा.

अमळनेरी

स्टारबोर्ड-पोर्ट कळत नसेल त्यांच्यासाठी: जहाजाच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात स्टारबोर्ड, डावा पोर्ट. नकाशात घोळ होतो तो इथे. नाक वर दाखवलं असेल तर उजवी बाजू स्टारबोर्ड. नाक डावीकडे दाखवलं असेल तर स्टारबोर्ड कागदाच्या वरच्या कडेला येतो. सम-विषम केबिन नंबरवरून बाजू ओळखायला जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा.

डेकवरचा पाटील (भुसावळ)

बरोबर. केबिन निवडताना पुढचं लक्षात ठेवा. जहाज पुढे चालत असतं, त्यामुळे धूर मागे जातो आणि थोडा वर चढतो. भरिताची वांगी काड्यांवर भाजताना कुठल्या बाजूला बसायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, इथेही तेच. ओढायची जागा ज्या डेकवर आणि ज्या बाजूला असेल, तिच्या मागच्या बाजूच्या आणि वरच्या बाल्कन्या टाळा. ती खालच्या प्रोमनाड डेकवर असेल तर वरचे दोन-तीन मजले संशयित धरा. ती एकदम वरच्या पूल डेकवर असेल तर खालच्या केबिनला धूर कमी लागतो. तरी पूल डेकच्या अगदी खालची केबिन घेऊ नका, पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो.

वडिलांसाठी सोपं उत्तर: ओढायच्या जागेच्या विरुद्ध बाजूची, जहाजाच्या मधल्या किंवा त्याहून थोडी पुढची केबिन. मधली याकरता की लाटांचं हलणंही तिथे कमी जाणवतं.

आणि एक, जे एजंट आपणहून सांगत नाही. 'गॅरंटी केबिन' स्वस्त मिळते, पण तिचा नंबर कंपनी नंतर देते. वडिलांच्या केबिनला ती घेऊ नका. काकांच्या केबिनला खुशाल घ्या.

वाघूर

काकांची केबिन ओढायच्या जागेजवळच्या जिन्याशी घ्या, आतली, बिनबाल्कनीची. बाल्कनी नसली की 'रात्री दोन वाजता एकच झुरका' हा मोह राहत नाही. आणि पैसेही वाचतात.

तापीकाठ (जळगाव)

हे पटलं. बाल्कनीत ओढलं तर नेमकं काय होतं? काका म्हणतात, 'समुद्रावर कोण बघतंय.'

वाघूर

केबिनमध्ये धूर ओळखणारं यंत्र असतं. त्यातून सुटलं तरी साफसफाईला येणाऱ्या कर्मचाऱ्याला वास, राख, थोटूक सापडतं आणि तो कळवतो. दंड थेट जहाजावरच्या खात्यात चढतो, म्हणजे चेक-इनला जे कार्ड जोडलं त्यातून जातो. रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस, नॉर्वेजियन, डिस्नी यांच्याकडे २५० डॉलर, कार्निव्हलकडे ५००. हा दंड प्रत्येक वेळेचा असतो. काकांना सांगा, त्या एका विडीचे रुपयांत वीस हजारांच्या वर पडतात. उतरल्यावर भांडून परत मिळणं अवघड.

अमळनेरी

'समुद्रावर कोण बघतंय' यावर थोडं. हे नियम फक्त वासासाठी नाहीत. २३ मार्च २००६ ला पहाटे तीनच्या सुमारास जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' या जहाजावर आग लागली. ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष असा की बाल्कनीत टाकलेलं सिगारेटचं थोटूक हे बहुधा कारण. ते आधी बराच वेळ नुसतं धुमसत राहिलं, मग पेटलं. दोन बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या, खुर्च्या प्लास्टिकच्या, आणि बाल्कनीत पाण्याचे फवारे नव्हते. आग एका बाल्कनीतून दुसरीत आणि एका डेकवरून वरच्यावर चढली. एक प्रवासी धुराने दगावला, काही जणांवर उपचार करावे लागले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. जुलै २००८ पासून बाल्कनीतलं सामान सहज न पेटणारं, नाहीतर तिथे फवारे व आग ओळखणारी यंत्रणा, अशी अट आली.

थोटूक कठड्यावरून समुद्रात फेकणंही त्यातच आलं. वाऱ्याने ते वळून खालच्याच्या बाल्कनीत येतं, तिथे टॉवेल वाळत असतात. शिवाय समुद्रात कचरा टाकायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे, ती वेगळी.

आगीच्या याच भीतीने उदबत्ती, कापूर, मेणबत्ती, इस्त्री, किटली हे सगळं बहुतेक कंपन्या चढतानाच काढून घेतात. घरच्या बायांनी निरांजन घेतलं असेल तर आधीच काढून ठेवा. देवाला हात जोडले की झालं.

केळीबाग (रावेर)

भो, हा बठ्ठा त्रास कशाला! पूर्ण धूम्रपानमुक्त जहाज नाही का एखादं?

अमळनेरी

होतं. कार्निव्हलचं 'पॅराडाइझ', १९९८ पासून. कुठेही ओढायचं नाही, पकडलं तर दंड आणि पुढच्या बंदरावर खाली उतरवणं. २००४ मध्ये त्यांनी ते धोरण सोडून दिलं. न ओढणारे प्रवासी दारू आणि कॅसिनोवर कमी खर्च करतात, असं तेव्हा बोललं गेलं. आता कॅसिनोतला धूर का टिकून आहे हे त्यावरून समजून घ्या.

डेकवरचा पाटील (भुसावळ)

कॉर्डेलियाचं राहिलं. एम्प्रेस हे १९९० चं जहाज, आजच्या मानाने लहान, बाल्कनीच्या केबिन मोजक्याच. केबिनमध्ये बंदी, ठरलेल्या जागीच ओढायचं. लहान जहाजाचा तोटा असा की ओढायची जागा आणि बसायची जागा एकमेकांच्या फार लांब राहू शकत नाहीत. फायदा असा की प्रवास दोन-तीन रात्रींचा घेता येतो, वडिलांना झेपतं का हे कमी खर्चात कळतं. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने सीएसएमटी, तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीने जवळ. विमानाचा प्रश्नच नाही. माझं मत विचाराल तर वडिलांसाठी आधी हीच सफर, सिंगापूर नंतर.

वाघूर

मी याच्याशी सहमत नाही. दमा असेल तर मोठं जहाज बरं, न ओढणाऱ्यांना जायला जागा जास्त असते. क्वांटम वर्गात ओढणारे पोर्टला असतात, तुम्ही स्टारबोर्डला बसा, मध्ये भलं मोठं अंतर. लहान जहाजावर पूलच्या एका बाजूचा धूर दुसऱ्या बाजूला येतोच, विशेषतः बंदरात उभं असताना, कारण तेव्हा वारा कुठूनही येतो.

पण सिंगापूर घेणार असाल तर काकांच्या पिशवीचं बघा. सिंगापुरात तंबाखूला ड्युटी-फ्री सूट अजिबात नाही. एक पाकीट असलं तरी लाल मार्गिकेत जाऊन सांगायचं आणि कर भरायचा, विडीलाही हेच. खायचा तंबाखू नेताच येत नाही, म्हणजे मावा, गुटखा, तंबाखू-चुन्याची डबी सगळं घरी. काकूंची मशेरीही तंबाखूच आहे, तीही घरीच ठेवा. व्हेप तर बाळगणंही तिथे गुन्हा आहे. आपल्याकडेही २०१९ च्या कायद्याने त्याची विक्री-आयात बंद आहे. सफर फुकेतला जाणार असेल तर थायलंडमध्येही तेच. जहाजावर व्हेप ओढायच्या जागी चालत असला तरी बंदरात उतरताना तपासणी त्या देशाची असते.

केळीबाग (रावेर)

लायटर-काडेपेटीचं काय? विडी समुद्राच्या वाऱ्यात दर दोन झुरक्यांना विझते.

वाघूर

आपल्या विमानतळांवर लायटर आणि काडेपेटी ना हातातल्या पिशवीत चालत, ना चेक-इनच्या बॅगेत. तिकडे उतरल्यावर साधा लायटर घ्या. टॉर्चसारखी ज्योत सोडणारा लायटर किंवा हुक्का जहाजावर नेऊ नका, काढून घेतील. विडीपेक्षा सिगारेट बरी, हे वाऱ्यामुळे म्हणतोय, तब्येतीमुळे नव्हे.

डेकवरचा पाटील (भुसावळ)

काकांना 'चार दिवस निकोटिन गमवर राहतो' असं वाटत असेल तर सिंगापूरला गम नेऊ नका. च्युइंगमची आयात तिथे बंद आहे, निकोटिन गम तिथल्या फार्मासिस्टकडून औषध म्हणूनच मिळतं. निकोटिनच्या पट्टीबद्दल इथल्या डॉक्टरला आधी विचारा.

वडिलांच्या औषधांसाठी: इनहेलर, स्पेसर आणि औषधाची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. चढताना जी मोठी बॅग देता ती केबिनच्या दारात कधीकधी संध्याकाळी पोचते. नेब्युलायझर नेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. परदेशी जहाजांवर अमेरिकी आणि युरोपी पद्धतीचे सॉकेट असतात, आपली तीन पायांची पिन बसत नाही. अॅडॉप्टर घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नेऊ नका, काढून घेतात.

तापीकाठ (जळगाव)

शेजारच्या बाल्कनीतून धूर आलाच तर?

डेकवरचा पाटील (भुसावळ)

आधी बाल्कनीचं दार लावून घ्या. ते उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडलं की वारा आरपार सुटतो आणि वास आत ओढला जातो. बऱ्याच जहाजांवर बाल्कनी उघडी राहिली की एसीही थांबतो. दार लावा, पंखा चालू ठेवा, वडिलांना दुसरीकडे बसवा.

मग केबिनच्या फोनवरून तेव्हाच रिसेप्शनला कळवा, सकाळी नाही. वेळ, डावी की उजवी बाजू आणि पलीकडचा केबिन नंबर सांगा, आणि 'तक्रार नोंदवून घ्या' असं स्पष्ट म्हणा. धूर विरला की पुरावा उरत नाही, सुरक्षारक्षक पोचेपर्यंत वास टिकला तरच कारवाई होते. स्वतः जाऊन दार ठोठावू नका, भांडण झालं तर दोघांचीही नावं लिहिली जातात. दुसऱ्यांदा झालं तर दम्याचा उल्लेख करून केबिन बदलून मागा. पहिल्या दोन दिवसांत मागितली तर शक्यता असते, भरलेल्या जहाजावर शेवटच्या रात्री काही मिळत नाही.

अमळनेरी

एजंटाला ईमेलवरच विचारा, फोनवर नको: जहाजाचं नाव, ओढायच्या जागा कुठल्या डेकवर आणि कुठल्या बाजूला, कॅसिनोत ओढता येतं का, वडिलांच्या केबिनचा नंबर बुकिंगच्या वेळीच मिळेल का. उत्तर 'सगळीकडे सारखंच' असं आलं तर दुसरा एजंट गाठा.