नवा सोल गायक सापडतो कुठे: सोमवारच्या यादीत की श्रेयनामावलीत?

कानसेन_कोथरूड

स्पॉटिफाय दर सोमवारी तीस गाण्यांची यादी हातात ठेवतं. 2015 पासून हा रतीब चालू आहे, आपल्याकडे 2019 पासून. चार वर्षं मी ती इमानेइतबारे ऐकली. काहीच मिळालं नाही असं नाही, पण जे मिळालं ते कालच्याचंच चुलत भावंड. यादीला माझी आवड कळते, आणि तिथेच घोळ आहे. मला न आवडणाऱ्या गोष्टीची आवड ती कशी लावणार?

मला सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते जीव ओतून गायलेलं संगीत, सापडलं ते अल्बमची श्रेयनामावली वाचून. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस सगळ्यांनी ऐकलेली असते. तिच्या 2006च्या अल्बमवर बऱ्याच गाण्यांत मागे वाजवतो तो डॅप-किंग्ज नावाचा बॅन्ड. ते कुणाचे? न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॅपटोन या छोट्या लेबलचे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचे. बुशविकमधल्या एका घरात यांचा स्टुडिओ, ध्वनिमुद्रण टेपवर. त्या लेबलवर शेरॉन जोन्स भेटली. ही बाई रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी होती, पहिला अल्बम 2002मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर. तिथेच चार्ल्स ब्रॅडली. क्लबांमधून सोलचा बादशहा जेम्स ब्राउन याची नक्कल करायचा. पहिला अल्बम 2011, वय 62! 'उगवते तारे' छापाच्या कुठल्या यादीत हे दोघे बसले असते?

म्हणून म्हणतो, गायक शोधू नका. लेबल शोधा, ड्रमर शोधा. गायक आपोआप येतात.

अकोला_पॅसेंजर

पूर्ण असहमत. रेकॉर्डचं दुकान, मित्राच्या दादाच्या कॅसेटी, 'त्या' बारमधली शुक्रवारची मैफल हे ज्यांच्या वाट्याला आलं त्यांना गाणी सुचवणाऱ्या यंत्राला नावं ठेवणं परवडतं. आमच्याकडे बॅन्ड म्हणजे वरातीचा. (तेही उत्तम वाजवतात, पण ते असो.)

माझा अनुभव सांगतो. अमरावतीहून एसटीने येत होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे रेंज गेली, परत आली, आणि आपोआप पुढचं गाणं लागलं. उंच, पातळ, अगदी दवासारखा आवाज. मला बाईच वाटली. नाव आलं ड्युरांड जोन्स अँड द इंडिकेशन्स. लागोपाठ सात वेळा ऐकलं. इयरफोनची एक बाजू बंद होती म्हणून फोनवरच लावलं होतं. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी संपत नाही का हो तुमची?"

मला ते गाणं यंत्राने दिलं. माणसाने दिलं नाही, कारण असलं ऐकणारा माणूस माझ्या ओळखीत नव्हता.

कानसेन_कोथरूड

काकांना माझा नमस्कार सांगा. पण तो आवाज बाईचा नाही आणि बहुधा ड्युरांड जोन्सचाही नाही. त्या बॅन्डचा ड्रमर आरॉन फ्रेझर ड्रम वाजवता वाजवता वरच्या पट्टीत गातो. 2021मध्ये त्याचा स्वतःचा अल्बम आला. त्यांचं पहिलं लेबल कोलमाइन, ओहायोतल्या लव्हलँड गावातलं, ते रेकॉर्डचं दुकानही चालवतात. एवढा एक धागा ओढला तरी वर्षभराची बेगमी होते. यंत्राने सांगितलं हे?

अकोला_पॅसेंजर

नाही सांगितलं. तुम्ही सांगितलंत, आभारी आहे. पण मुळात गाणंच लागलं नसतं तर तुम्ही कुणाबद्दल सांगितलं असतं?

शंका_कुशंका

अकोलेकर, 2025च्या उन्हाळ्यात व्हेल्वेट सनडाऊन नावाचा 'बॅन्ड' स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोत्यांपर्यंत गेला. नंतर उलगडा झाला की गाणी कृत्रिम बुद्धिमत्तेची, फोटोतली माणसंही. यंत्राने यंत्राची शिफारस केली आणि आपण माना डोलावल्या. निदान ड्रमर जिवंत आहे का, एवढं तरी बघावं की नाही?

न्यूजर्सीची_मावशी

माझी वाट तिसरी. इकडे अमेरिकेत एनपीआर रेडिओची टायनी डेस्क (म्हणजे छोटंसं टेबल) नावाची गाण्याची स्पर्धा असते. मुख्य अटी दोन: गाणं स्वतःचं हवं आणि व्हिडिओत कुठेतरी एक टेबल दिसलं पाहिजे. 2017मध्ये न्यू ऑर्लिन्सचे टँक अँड द बँगाज जिंकले ते यातूनच. पण जिंकलेल्यांना सगळेच ऐकतात. मी हरलेल्यांचे व्हिडिओ बघते. कुणी गॅरेजमध्ये टेबल मांडलेलं, कुणी थेट शेतात. पोळ्या लाटता लाटता दहा ऐकले तर नऊ सोडून देते. दहाव्यासाठी पोळी करपते.

बेसवाला

तुम्ही सगळे ऐकणाऱ्यांच्या बाजूने भांडताय. मी वाजवणारा आहे, पुण्यातला, आमचा पाच जणांचा बॅन्ड. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत 1,000 वेळा वाजलं नाही तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. आमची चार गाणी आहेत. उंबरठा एकाने ओलांडला. सापडलो म्हणायचं की नाही? बँडकॅम्प या गाणी विकण्याच्या साइटवर डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते ठेवतात, बाकीचे बव्हंशी आपले, पण तिथे येऊन विकत घेणारे मराठी कान मोजून सात.

मागच्या पावसाळ्यात कर्वे रस्त्याजवळ एका छोट्या जागेत वाजवलं. समोर 11 लोक, त्यात चार आमच्या गायिकेच्या घरचे. तिची आई पहिल्या रांगेत, मांडीवर डबा. दुसऱ्या गाण्यानंतर डब्यातल्या वड्या सगळ्यांत फिरल्या, साउंडवाल्यापर्यंत. गिटारच्या केसवर पैशांसाठी क्यूआर चिकटवला होता. रात्रीची जमा 1,340 रुपये.

तेव्हा तुमची यादी आणि तुमची श्रेयनामावली दोन्ही राहू द्या. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडा.

अकोला_पॅसेंजर

बेसवाले, गाण्यांचे दुवे व्यक्तिगत निरोपात पाठवा, आज रात्री चारही गाणी लावतो.

आणि कानसेन, एक विचारू? कर्वे रस्ता कोथरूडपासून किती लांब? त्या अकरात तुम्ही होता का?

कानसेन_कोथरूड

नव्हतो. पाऊस होता.

बेसवाला

आम्हालाही होता. अ‍ॅम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळून रिक्षातून आणला.