‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ आज पुन्हा वाचताना: हिशेब खरा, पण माणसं अर्धीच?

भाकरीचा हिशेब:
जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी 1939 ची. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून उठतं आणि जुन्या हडसन गाडीतून मजुरीसाठी कॅलिफोर्निया गाठतं. कामाची शाश्वती उरलेली नसताना ती पुन्हा वाचावी, आणि मजुरीचा दर कसा पाडला जातो हे कळण्यासाठी वाचावी. मालकाला माणसं हवीत 800. पत्रकं छापतो 5,000, ती वाचतात 20,000 जण, निघतात दोन-तीन हजार. एवढे भुकेले दारात आले की दर उतरतोच. 22 व्या प्रकरणातला थॉमस हा छोटा शेतकरी ताशी 30 सेंट देत असतो. शेतकरी संघटना त्याला 25 वर आणते, कारण संघटनेमागे बँक आहे आणि पुढच्या वर्षी त्याला पीककर्ज लागणार आहे.

नकाशावाचक:
गणित मान्य, भूगोल नाही. जोड कुटुंबाचं सॅलिसॉ ओक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, अर्कान्सासच्या सीमेजवळ. धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा पश्चिमेला, पॅनहँडल म्हणतात त्या अरुंद पट्टीत. पूर्वेकडच्या कुळांना धुळीपेक्षा कापसाच्या पडलेल्या भावाने आणि 1933 च्या शेती कायद्याने उठवलं. पेरा कमी केला की मालकाला सरकारी पैसे. पेरा कमी म्हणजे कूळही नको. कादंबरीत ट्रॅक्टर आणि बँक ठळक आहेत, ही बाजू पुढे येत नाही.

तिसरी बाजू:
त्याहून मोठी उणीव माणसांची आहे. जोड कुटुंब येण्याच्या कितीतरी आधीपासून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर राबत होते. 1933 चा सॅन वाकीन खोऱ्यातला कापूस संप प्रामुख्याने मेक्सिकन मजुरांनी लढवला. कादंबरीत ते 19 व्या प्रकरणात ओझरते येतात, बस्स. आणि लेखिका सॅनोरा बॅब? अशा मजुरांच्या छावण्यांत काम करताना तिने केलेली टिपणं स्टाइनबेकपर्यंत पोचली. स्टाइनबेकची कादंबरी गाजल्यावर तिच्या त्याच विषयावरच्या कादंबरीला प्रकाशकाने नकार दिला. ती छापली गेली थेट 2004 मध्ये. पुन्हा वाचायचंच तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

भाकरीचा हिशेब:
बॅबबद्दल पूर्ण सहमत, तो अन्यायच होता. पण त्यामुळे हिशेब खोटा ठरत नाही. हूपरच्या मळ्यात पीचच्या पेटीला 5 सेंट. जोड घरातला मुलगा टॉम, त्याची पहिली पेटी बाद होते, कारण घाईत टाकलेली फळं डागाळली. ती मेहनत फुकट. दिवस मावळताना सगळ्या घराची कमाई 1 डॉलर, आणि तो मळ्याच्याच दुकानात मोडायचा. आधी 15 सेंटला मिळालेला पौंडभर खिमा तिथे 20 ला. कापसाचंही बघा. 100 पौंडांना 80 सेंट, वेचायची पिशवी 1 डॉलरची. रोकड नसेल तर पहिल्या 150 पौंडांतून वळती. म्हणजे 1 डॉलर 20 सेंटची वेचणी, हातात 20 सेंट.

काटा-पावती:
हे वाचून ऊसतोड आठवणारच, पण तुलना जपून करा. आपल्याकडे मुकादमाची उचल आधी घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधलेला. जोड कुटुंबाने कुणाची उचल घेतलेली नाही. त्यांना मळ्यावर धरून ठेवतं ते दुसरीकडे काम नसणं. म्हणून एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. वजनाचा वाद मात्र ओळखीचा आहे: कधी मजुराच्या पिशवीत दगड, कधी मालकाने काटा मारलेला, कधी दोन्ही.

नकाशावाचक:
मग सरकारी छावणीचं काय? जोड कुटुंब राहतं त्या वीडपॅच छावणीचा भाग फारच गोड रंगवलाय. स्वच्छ संडास, गरम पाणी, रहिवाशांच्या समित्या. जणू छावण्या वाढवल्या की प्रश्न सुटला.

भाकरीचा हिशेब:
तो भाग शेवटपर्यंत वाचा. आठवड्याला 1 डॉलर भाडं, तेही साफसफाई करून फेडता येतं. तरी महिनाभरात टॉमला जेमतेम पाच दिवस काम मिळतं. पीठ-चरबी संपत येते, आणि इथून हलायचंच असा आग्रह आईच धरते. त्या गरम पाण्याचं सगळ्यात जास्त अप्रूप तिलाच होतं.