घरचीच माणसं, कामाच्या जागी : अनुभव धागा

नवरा-बायको एकाच दवाखान्यात, सासू-सून एकाच खानावळीत, काका-पुतणे एकाच गल्ल्यावर. अशा ठिकाणी घरोबा कुठे उपयोगी पडतो आणि कुठे काम बिघडवतो, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. घरातल्या भांडणांच्या कहाण्या नकोत. नेमकं काय चुकतं, का चुकतं आणि त्यावर कोणती पद्धत टिकते, ते मापं, आकडे आणि नोंदवह्यांसकट लिहा.

भूलतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी

बायको स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवरा भूलतज्ज्ञ ही जोडी तालुक्याला सर्रास दिसते. रात्री दोनला सिझेरियन करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही, हा रुग्णाचा फार मोठा फायदा. धोका असतो तो न बोलता समजून घेण्याचा. घरात ‘हो ना?’ – ‘हो’ एवढ्यावर भागतं, थिएटरमध्ये भागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी 19 मुद्द्यांची आहे. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी असे तिचे तीन टप्पे. दुसऱ्या टप्प्याची सुरुवात प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगून होते. नवरा-बायकोला हे अवघडल्यासारखं वाटतं म्हणून तो भाग गाळला जातो, आणि एकदा यादी मोडली की पुढचे प्रश्नही गळतात. सगळ्यात जास्त गळणारा प्रश्न प्रतिजैविकाचा: गेल्या 60 मिनिटांत दिलं का? तिला वाटतं त्याने दिलं, त्याला वाटतं वॉर्डातच दिलं गेलं. म्हणून यादी दोघांपैकी कोणीही वाचायची नाही, सिस्टरने वाचायची. उत्तरात औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ हवी. नुसतं ‘दिलंय’ चालणार नाही. टेबलावर मागणी करतानाही तसंच. ‘ऑक्सिटोसिन 5 युनिट’ असं मागितलं की समोरच्याने ‘5 युनिट देतोय’ म्हणायचं आणि देऊन झाल्यावर ‘दिलं’ म्हणून वेळ सांगायची.

थिएटरमध्ये ‘सर’ आणि ‘मॅडम’च. हा मानपानाचा प्रश्न नाही. सूर घरगुती झाला की नवी सिस्टर ते त्यांचं आपसातलं बोलणं समजून गप्प बसते. मॉपच्या (रक्त टिपायच्या कापडी घड्यांच्या) मोजणीत एक कमी भरला तर नेमकं तिनेच मोठ्याने बोलायला हवं असतं. मोजणी दोघांनी मोठ्याने करायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा.

दुसरी अडचण ‘नाही’ म्हणण्याची. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी जेवणाला 6 तास आणि साध्या पाण्याला 2 तास झालेले हवेत. मॅडमनी नातेवाइकांना सकाळी 9 ची वेळ देऊन ठेवली असेल आणि रुग्णाने 7 ला पोहे खाल्ले असतील, तर नवऱ्यावर घरचं दडपण येतं. म्हणून वेळ सांगतानाच ‘भूलतज्ज्ञांनी तपासल्यावर नक्की’ हे शब्द जोडायचे, आणि तो निर्णय भूलतज्ज्ञाचा एकट्याचा ठेवायचा.

सोनोग्राफीबद्दलही सांगतो. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालच्या नोंदणीत ज्या डॉक्टरचं नाव, त्यानेच मशीन हाताळायचं. ‘ती ओपीडीत अडकलीय, पाच मिनिटं मीच बघतो’ हे कायद्याला मान्य नाही, मग दोघं एकाच छताखाली का असेनात.

औषधविक्रेता

वरच्या शेवटच्या मुद्द्याचीच आवृत्ती आमच्या धंद्यात जास्त दिसते. नोंदणीकृत फार्मासिस्ट बायको आणि काउंटरवर दिवसभर नवरा किंवा दीर. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायची असतात. ती वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात आहे, हाक मारली की खाली येते, याला देखरेख म्हणत नाहीत. उपाय साधा आहे. परवान्यावर ज्याचं नाव त्याच्या वेळा लिहून भिंतीवर लावा, आणि त्या वेळेबाहेर दुकान उघडं ठेवायचं असेल तर दुसरा फार्मासिस्ट नेमून त्याची नोंद करा. ‘शेड्यूल एच-1’च्या, म्हणजे कायद्याने जास्त कडक नियंत्रणाखाली ठेवलेल्या औषधांची वेगळी वही असते; तिच्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेला नग लिहायचा आणि ती 3 वर्षं जपायची. औषध ज्याने दिलं त्यानेच त्या क्षणी लिहावं. ‘रात्री बसून दोघं मिळून भरू’ म्हटलं की नगांचा मेळ बसत नाही.

सी.ए., लहान धंद्यांचे हिशेब

कागद करायला घरच्या माणसांना संकोच वाटतो. ‘आपल्यात कसला करार?’ पण करार नसला म्हणजे नियम नसतात असं नाही. तेव्हा 1932 चा भागीदारी कायदा लागू होतो. त्यात, वेगळं ठरलं नसेल तर नफा सगळ्यांना सारखा आणि कामाचा पगार कोणालाच नाही. एक भाऊ पहाटे पाचला मार्केट यार्डात आणि दुसरा महिन्यातून दोनदा येणारा, तरी वाटा निम्मा-निम्मा. भांडवलापेक्षा जास्त पैसे कोणी घातले तर त्या जादा रकमेवर 6 टक्के व्याज, एवढंच. म्हणून करारपत्रात किमान हे हवं: नफ्याचं प्रमाण, काम करणाऱ्या भागीदाराचा पगार, भांडवलावरचं व्याज (आयकरात 12 टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते), महिन्याची उचल, आणि बाहेर पडणाऱ्याचे पैसे कसे मोजून किती हप्त्यांत द्यायचे ते.

नवरा-बायकोच भागीदार असतील तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. दोघांपैकी एक गेलं की भागीदारी उरतच नाही, कारण एकट्याची फर्म नसते. शोकाच्या दिवसांत बँक खातं, जीएसटी, पुरवठादारांची देणी हे सगळं एकदम अडतं. मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाल्यावर लहानशा वाट्याने तिसरा भागीदार करून घ्यावा आणि भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील असं कलम घालावं.

नोकर म्हणून बायकोला पगार दाखवण्यात नेहमीची चूक होते. ज्या धंद्यात नवऱ्याचा 20 टक्के किंवा अधिक वाटा आहे तिथला तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. त्यातून सूट मिळते ती तिच्याकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान असेल आणि पगार त्याच ज्ञानापोटी असेल तेव्हा. म्हणून नेमणूकपत्र, कामाचं स्वरूप, पात्रतेचे कागद आणि दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होणारी रक्कम हवी. नातेवाइकाला बाजारभावापेक्षा फार जास्त दिलं तर जादा रक्कम खर्च म्हणून मान्य होत नाही.

आणि गल्ला! सकाळी ठरावीक सुट्टे ठेवायचे, समजा 2,000. घरखर्चासाठी काढायचे तर चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि सही करून चिठ्ठी गल्ल्यात टाकायची. रात्री मोजणारा आणि दिवसा बसणारा वेगळा असावा. यात अविश्वास कसला? नोटा कमी भरल्या तर पहिला संशय नोकरावर जातो, आणि गरीब माणसावर तो अन्याय होतो.

पुतण्या-भाचा कामाला असलेल्या दुकानांबद्दल

नोकरांसमोर ‘काका’ म्हटलं तरी चालतं, आपल्याकडे गिऱ्हाईकही काकाच म्हणतं. गोंधळ हुकमाचा होतो. पुतण्या उशिरा आला तर त्याला जुना सेल्समन बोलू शकत नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावं की मालाच्या खोलीत जुन्या सेल्समनचा शब्द चालेल, पुतण्यालाही. पगार सगळ्यांना एकाच तारखेला द्यावा आणि त्याच्याही हजेरीवर लाल शेरा पडावा.

प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद

पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदल्यांमुळे कित्येकदा दोघं एकाच द्विशिक्षकी शाळेत येतात. मुलांसाठी हे चांगलं ठरतं, कारण दोघंही गावात राहू शकतात. पण अशा शाळेत तपासणारं तिसरं माणूस नसतं. हजेरीपटावर एकाने दोघांच्या सह्या करायच्या नाहीत, कधीच नाही. केंद्रावर किंवा बँकेत जाताना हालचाल वहीत वेळ लिहायची, जोडीदाराला तोंडी सांगितलेलं पुरत नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ असतो. पाचवीपर्यंतची 46 मुलं हजर असतील तर 4 किलो 600 ग्रॅम. हजेरी एकाने मोजावी, तांदूळ दुसऱ्याने वजन करून काढावा आणि मग नोंद करावी. मुख्याध्यापकाचा प्रभार ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे दुसऱ्याने रजेचा अर्ज लेखीच द्यावा. वर्गात एकमेकांना ‘सर’, ‘मॅडम’. मुलांना नातं माहीत असतंच, पण एकाने दिलेली शिक्षा दुसऱ्याने मुलांसमोर रद्द केली की त्यांना कोणाचंच ऐकावंसं वाटत नाही.

द्राक्ष बागायतदार, नाशिककडचे

दोन भावांच्या बागेत औषधाची मात्रा दुप्पट पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, द्राक्षाच्या वाढीसाठी फवारायचं संजीवक. 200 लिटरच्या टाकीत ते 10 पीपीएम (लिटरला 10 मिलिग्रॅम) करायचं म्हणजे 2 ग्रॅम पावडर. एकाने विरघळवून टाकली आणि मोटार बघायला गेला. दुसऱ्याने टाकी भरलेली पाहून पुन्हा टाकली. जो वजन करेल तोच टाकेल आणि तोच टाकीला खूण बांधेल. फवारणी वहीत तारीख, प्लॉट, औषध, मात्रा आणि टाकणाऱ्याची सही. निर्यातीला काढणीपूर्व दिवस, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस, मोजताना हीच वही लागते.

डबे आणि खानावळ

सासूबाईंचा हात अंदाजाचा, सुनेचा काट्याचा. वाद चवीचा वाटतो, पण असतो मापाचा. 42 ग्रॅमचा गोळा धरला तर किलोभर कोरड्या पिठाच्या साधारण 38-39 पोळ्या होतात. अंदाजाने लाटल्या तर कधी 32, कधी 44, आणि डब्यांची गणितं कोसळतात. आमटीत मसाला सासूबाईंनी नेहमीसारखंच घालावा, पण मसाल्याचा डबा आधी काट्यावर ठेवावा आणि नंतर पुन्हा. फरक म्हणजे त्यांचं माप. तीन दिवसांची सरासरी काढून फळीवर चिकटवायची. पाककृती त्यांचीच राहते आणि त्या गावाला गेल्या तरी आमटी तशीच होते. मीठ शेवटी कोणी चाखायचं, ते मात्र एकाच माणसाकडे द्या. दोघींनी चाखलं की दोघी घालतात.