सच्छिद्र पॉलिमर इतका गॅस शोषतात, तर कारखान्यांवर का दिसत नाहीत?

बोईसरकर:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला ‘हानिकारक वायू पकडणारे सच्छिद्र सेंद्रिय पॉलिमर’ हा विषय घेतलाय. घर बोईसरला, तारापूर एमआयडीसीच्या अंगाला. वारा फिरला की रात्री सॉल्व्हंटचा वास घरात येतो, आई उठून खिडक्या लावून घेते. त्यामुळे विषय नुसता मार्कांपुरता घेतलेला नाही.

वाचनात आलं की पीएएफ-१ नावाच्या पॉलिमरचं पृष्ठफळ, आतल्या छिद्रांच्या भिंती धरून, ग्रॅममागे ५६०० चौरस मीटर आहे. तो पेपर २००९ चा. मग इतक्या वर्षांत अशी पावडर कारखान्यांच्या चिमण्यांवर का बसली नाही? सर म्हणतात, महाग आहे. तेवढंच कारण आहे का? आणि पृष्ठफळ जास्त म्हणजे गॅस जास्त, असं धरून चालू का?

रसायनी:
नको धरूस. माझी पीएच.डी. याच मटेरियलवर झाली आहे, म्हणून पोटतिडकीने सांगते.

पृष्ठफळाचा तो आकडा उणे १९६ अंशाला नायट्रोजन शोषवून काढतात. कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो साधारण १२ ते १५ टक्के, म्हणजे त्याच्या वाट्याचा दाब जेमतेम ०.१५ बार (हवेचा एकूण दाब साधारण १ बार). एवढ्या दाबाला मोठी छिद्रं जवळजवळ रिकामीच राहतात. रेणूला दोन्हीकडून भिंत लागेल अशी, एक नॅनोमीटरच्या आतली छिद्रं कामाला येतात. पेपरमधले आलेख मात्र बहुतेक वेळा १ बारपर्यंत नेलेले असतात आणि गोषवाऱ्यात तिथलाच आकडा येतो. तू ०.१५ बारवर बोट ठेवून वाच, अर्धे विक्रम गळून पडतील.

दुसरं, भिंतीवर काय आहे? पीएएफ-१ म्हणजे नुसत्या बेंझिनच्या कड्या, कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवायला तिथे काही नाही. महागाचं म्हणशील तर सर बरोबर आहेत. त्याच्या जोडणीला हवेत टिकत नाही असं निकेलचं संयुग लागतं, तेही चिमूटभर उत्प्रेरक म्हणून नाही, तर चांगलं भरपूर.

स्वस्त वाटही आहे. बेंझिनसारखी साधी कडी, फॉर्मल्डिहाइड डायमेथिल ॲसिटल आणि फेरिक क्लोराइड, डायक्लोरोइथेनमध्ये. वूहानच्या गटाने २०११ मध्ये हे दाखवलं. ४५ अंशावर पाच तास, मग ८० वर एकोणीस तास. मध्येच सगळं घट्ट होतं आणि चुंबक फिरायचा थांबतो. मग सॉक्स्लेटमध्ये, म्हणजे सॉल्व्हंट पुन्हापुन्हा उकळून वरून सोडणाऱ्या काचेच्या उपकरणात, मेथॅनॉलने धुवत बसायचं. उतरणारं मेथॅनॉल आधी पिवळं-तपकिरी असतं, ते पाण्यासारखं होईपर्यंत थांबायचं नाही, कारण आत राहिलेलं लोखंड पुढची सगळी मोजमापं बिघडवतं. सुकल्यावर तपकिरी, हलकी पावडर मिळते आणि स्थिर विजेने चमच्याला चिकटून बसते. मला खुपतं ते डायक्लोरोइथेन. हवा शुद्ध करणारी वस्तू बनवायला कर्करोगाचा धोका असलेलं सॉल्व्हंट लिटरने वापरायचं, हे पटत नाही. म्हणून बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात), बिनसॉल्व्हंटने पॉलिमर बनवण्याचं काम मला महत्त्वाचं वाटतं.

तिसरी गोष्ट पाण्याची. २००५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ओमर याघींच्या गटाने पहिले सीओएफ, म्हणजे स्फटिकरूप सेंद्रिय जाळ्या बनवल्या. त्यातले बोरॉनचे बंध दमट हवेत तुटायचे. २०१२ मध्ये पुण्यातच, एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) राहुल बॅनर्जींच्या गटाने टीपीपीए-१ हे सीओएफ बनवलं. ते उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकलं. सेमिनारमध्ये यावर पाच मिनिटं दे, आपल्याकडचं पायाभूत काम आहे. बर्कलीला याघींच्याच गटाचं सीओएफ-९९९ आलं २०२४ मध्ये. ते छिद्रांतल्या अमाइनच्या, म्हणजे नायट्रोजन असलेल्या गटांच्या जोरावर उघड्या हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं, ६० अंशाला सोडतं आणि शंभरावर फेऱ्या टिकलं. फक्त याघींना २०२५ चं नोबेल मिळालं ते धातू असलेल्या जाळ्यांसाठी, म्हणजे एमओएफसाठी. स्लाइडवर त्यांची सरमिसळ करू नकोस. आणि कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड अमाइनला असा चिकटतो की सहजी सुटत नाही, तेव्हा उघड्या हवेतलं यश धुराला जसंच्या तसं लागू होत नाही.

प्लांटवाला:
ताईंचं बरोबर आहे, पण पोरी, तुझ्या घरी येणारा वास बहुधा चिमणीचा नाही. बॉयलरच्या चिमणीतून सॉल्व्हंट जात नाही. तो रिॲक्टरच्या व्हेंटमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून), टाक्या भरताना आणि ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सुटतो. मी सॉल्व्हंट रिकव्हरीवर नोकरी केली आहे. सक्रिय कार्बन भरलेले दोन बेड असतात, एक शोषतो तोवर दुसऱ्याला वाफ मारून सॉल्व्हंट काढायचं.

आणि पॉलिमर दिसत नाहीत असं नाही. हायपरक्रॉसलिंक्ड (साखळ्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या) पॉलिस्टायरीनचे मणी मुळात मॉस्कोच्या दावान्कोव्ह यांचं काम, आणि ते बरीच वर्षं बाजारात आहेत. दोन ठिकाणी ते कार्बनला सरस ठरतात. एक, कीटोन. एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) किंवा सायक्लोहेक्झानोन कार्बनवर ऑक्सिडाइझ होऊन बेड आतून तापतो, वेळेत कळलं नाही तर पेटतो. म्हणून बाहेरच्या लाइनवर कार्बन मोनॉक्साइडचा मीटर लावतात. दोन, ओल. कोकणातल्या जुलैच्या हवेत कार्बनची छिद्रं पाण्यानेच भरू लागतात, या मण्यांना पाणी फारसं आवडत नाही. पण किंमत कार्बनच्या कितीतरी पट, त्यामुळे खरेदीवाले फाइल परत पाठवतात.

पावडरचं तर नावच काढू नका. ब्लोअर चालू केला की दाब चढतो आणि अर्धा माल उडून जातो. आणि व्हेंटमध्ये डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट असेल तर ते आधी ब्राइनच्या (थंड मीठपाण्याच्या) कंडेन्सरने थंड करून काढा. ते ४० अंशाला उकळतं, बेडवर सैल बसतं आणि मागून टोल्युइन आलं की टोल्युइन त्याला ढकलून बाहेर काढतं.

बोईसरकर:
ताई, काका, खूप आभार. पृष्ठफळाची स्लाइड मागे नेते. सेमिनारनंतर छोटं प्रोजेक्टही करायचं आहे. डिपार्टमेंटमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ (वायूतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे, त्यावर काय जमेल?

रसायनी:
नवं पॉलिमर बनवायला जाऊ नकोस. बाजारातले मणी आणि नारळाच्या करवंटीचा कार्बन, दोन्ही सारख्या वजनाने काचेच्या दोन नळ्यांत भर. टोल्युइनची वाफ असलेली हवा सोड, एकदा कोरडी आणि एकदा ८० टक्के दमट, आणि पलीकडून टोल्युइन कधी बाहेर यायला लागतं ते मोज. मग नळी तापवून नायट्रोजनने मोकळी कर आणि पुन्हा तेच. आधी गॅस आणि नंतर पाणी असं सोडू नकोस, दोन्ही एकदम सोड, खऱ्या व्हेंटमध्ये तसंच असतं. बबलर (टोल्युइनमधून हवा सोडून वाफ करणारी बाटली) फ्यूम हूडमध्येच ठेव आणि बाहेर जाणाऱ्या नळीच्या टोकाला कार्बनचा ट्रॅप लाव. आलेख आले की इथे टाक, आपण बघू.