जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय, मदत हवी आहे

मंडळी, माझा लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसल्याने ११ काही चढेना, म्हणून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतोय. आठवडाभर पेनड्राइव्हवरून एकेक डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघतोय (बायको म्हणते नुसते वॉलपेपर बघत बसतोस, खरंय म्हणा). त्यातलं लिनक्स मिंटचं एक्सएफसीई डेस्कटॉपवालं व्हर्जन हलकं वाटलं, तेच टाकावं म्हणतोय. पण लाइव्हमध्ये वायफाय दिसतच नाही, मोबाइल यूएसबीला जोडून नेट मात्र चालतं. इन्स्टॉल केल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये कार्डाचा ड्रायव्हर सापडेल का? आणि डी ड्राइव्हवरचे फोटो न उडवता फक्त सी वर टाकायचं तर पार्टिशनच्या स्क्रीनवर नेमकं काय निवडू, तिथे सी, डी ऐवजी सगळं एसडीए१ एसडीए२ अशा नावांनीच दिसतं, हात थरथरतो राव.