मदत हवी आहे: अंडाशयाचा कर्करोग, तीन किमोनंतर कोविड, ऑपरेशन कधी?

रुग्ण ५८ वर्षांच्या, स्टेज ३सी (पोटात पसरलेला). पॅक्लिटॅक्सेल १७५ मिग्रॅ/चौ.मी. आणि कार्बोप्लॅटिन एयूसी ५ (मूत्रपिंडाच्या क्षमतेवरून ठरणारा डोस) या किमोच्या तीन सायकल झाल्या. सीए-१२५ (रक्तातला ट्यूमर मार्कर) चांगलं उतरलंय, सीटीतही गाठी आक्रसल्यात. तिसऱ्या सायकलनंतर १९ व्या दिवशी ताप-खोकला आला, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. डीबल्किंग (गाठी जास्तीत जास्त काढण्याचं ऑपरेशन) पुढच्याच आठवड्यात ठरलं होतं.

कोविडसाठी विषाणूविरोधी रेमडेसिविर पहिल्या दिवशी २००, मग दोन दिवस १०० मिग्रॅ दिलं. निर्मट्रेलविर-रिटोनाविर (कोविडच्या गोळ्या) मुद्दाम टाळलं, कारण रिटोनाविर पॅक्लिटॅक्सेलचं विघटन अडवतं आणि पुढची किमो लगेच द्यावी लागली असती तर रक्तपेशी आणखी कमी झाल्या असत्या. ऑक्सिजन लागला नाही, म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही नाही. आज कोविडचा दहावा दिवस: ताप नाही, चालल्यावरही ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १४००. डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण) वाढलाय, पण कर्करोगात तो एरवीही वाढलेलाच असतो; पायांच्या डॉपलर सोनोग्राफीत गुठळी नाही, गुठळ्या टाळायला एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ चालू. लसीचे दोन डोस झालेत, बूस्टर नाही. मधुमेह आहे, साखर आटोक्यात.

भूलतज्ज्ञ सात आठवडे थांबा म्हणतात. तो सल्ला लसीच्या आधीच्या काळातल्या आकड्यांवरून आलाय आणि एवढा खंड पडला तर किमोने मिळवलेलं हातचं जाईल.

तर लक्षणं गेलेल्या, लस घेतलेल्या अशा रुग्णाला तुम्ही तीन-चार आठवड्यांत टेबलावर घेता, की मध्ये चौथी सायकल देऊन मग? आणि सायकल देत असाल तर न्यूट्रोफिल १५०० झाले की लगेच, की आरटीपीसीआर निगेटिव्ह येईपर्यंत थांबून?