निघायला ७० दिवस उरलेत आणि आजीला फोनवर माझं बोलणं कळत नाही

शेवटचं_सत्र

नमस्कार. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातल्या विद्यापीठात दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. आज कॅलेंडरवर मोजलं, बरोबर ७० दिवस उरलेत.

सकाळी लॅब. प्रोजेक्ट बेअरिंगच्या कंपनांवर आहे, त्यामुळे रोज दोन तास सेन्सर लावून रीडिंग घ्यायचं. दुपारी परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर रांग. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, आतापर्यंत तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा अर्जात तिसऱ्या सेमिस्टरचा सीट नंबर चुकला होता, दुसऱ्यांदा सही करणारे सर रजेवर होते, तिसऱ्यांदा अर्ज घेतला आणि आठ दिवसांनी या म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन ईमेल, होस्टेलचा फॉर्म, व्हिसाची फाइल. रात्री अभ्यास. दिवस कुठे जातो कळत नाही. हे सगळं होईल, त्याची मला खरी चिंता नाही.

चिंता आजीची आहे. ती ८१ वर्षांची आहे आणि लहानपणापासून आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. समोर बसून बोललं की सगळं कळतं, पण फोनवर अजिबात नाही. मागच्या महिन्यात मी चार दिवस इंटर्नशिपच्या मुलाखतींसाठी बाहेर होते. रात्री फोन करून म्हटलं, "आजी, मी सातला पोचते." ती म्हणाली, "हातात काय देतेस?" मी तीनदा ओरडून सांगितलं. मग "बरं बरं, जप हो" म्हणून तिने फोन आईकडे दिला. त्या 'बरं बरं'मध्येच मला कळलं की तिला काहीच कळलेलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "फोनमधून तू बोलतेस असं वाटतच नाही गं."

श्रवणयंत्र आहे, पण ते ड्रॉवरमध्ये असतं. घातलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो म्हणते. दोन वर्षं आम्ही दोघी 'बरं बरं'वर काढायची का? ज्यांच्या घरी असं होतं त्यांनी जाण्याआधी काय केलं, सांगाल का?

---

कानाशी_कामाशी

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती निसटतात. 'सात' मधला 'स' गेला की उरतो 'आत', आणि त्यावर मेंदू आपल्या अंदाजाने 'हात' बसवतो. आजींनी चुकीचं ऐकलं नाही, त्यांच्यापर्यंत जेवढं पोचलं त्यातून त्यांनी वाक्य जुळवलं. आणि साध्या फोनवर मूळचाच आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच जातो (हर्ट्झ म्हणजे पट्टी मोजायचं माप, आकडा मोठा तेवढी पट्टी उंच). 'स'चा बराचसा भाग याच्या वर असतो, म्हणजे तो आजींच्या कानाशी येण्याआधी तारेतच राहिला. त्यात समोर दिसणारे ओठही गेले. समोर बसल्यावर त्या कानांइतक्याच डोळ्यांनीही ऐकत असतात.

ओरडू नकोस. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात आणि बोलणं आणखी गढूळ होतं. आवाज जरा खालच्या पट्टीत घे, सावकाश बोल, दोन वाक्यांत श्वासभर थांब. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदल.

इंटरनेटवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये साध्या फोनपेक्षा आवाजाचा बराच जास्त पट्टा जातो आणि चेहरा दिसतो, म्हणून तुमच्यासाठी तोच बरा. फक्त खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, चेहरा काळा दिसतो. उजेड तोंडावर हवा.

आता यंत्राचं. ड्रॉवरमधलं यंत्र म्हणजे बहुधा नीट न बसवलेलं यंत्र. याच आठवड्यात आजींना घेऊन जा. आधी कानात मळ आहे का ते बघायला सांग, मग ऐकण्याची नवी तपासणी करून यंत्र तिच्या आलेखाप्रमाणे लावून घे. भांड्यांचा त्रास होतो हे तिथे आवर्जून सांग, मोठ्या आवाजाची मर्यादा कमी करता येते. सुरुवातीला शांत खोलीत रोज थोडाच वेळ घालायचं, मग हळूहळू वाढवायचं. इतकी वर्षं जे ऐकू येत नव्हतं त्याची मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. तुझ्याकडे ७० दिवस आहेत, पण शेवटच्या आठवड्यात हे होणार नाही.

---

दोन_घड्याळं

तीन वर्षांपूर्वी मी याच जागी होतो. कानाचं वर सांगितलंच आहे, मी वेळेचं सांगतो, कारण कागदांनी वेळ खाल्ला तर आजीसाठी तो उरणार नाही.

विद्यापीठाने लसींची यादी पाठवली असेल तर ती आजच उघड. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, ते पैसे भरून कमी होत नाही. टीबीची त्वचेवरची चाचणी मागितली असेल तर ती या लशीच्या दिवशीच करून घे, नाहीतर पुढे किमान चार आठवडे थांबावं लागतं, कारण या लशीमुळे चाचणीचा निकाल चुकू शकतो. शिवाय ती चाचणी वाचायला ४८ ते ७२ तासांत परत जायचं असतं, त्यामुळे शनिवार-रविवार मध्ये येणार नाही असा दिवस धर. मी हे बघितलं नाही आणि शेवटचे दहा दिवस दवाखान्याच्या बाकावर काढले. ते दिवस मला घरी हवे होते.

ट्रान्सक्रिप्ट घेताना सीलबंद पाकिटं दोन-तीन जास्त घे, चौथी चकर वाचेल. बँकेचा ओटीपी कोणत्या नंबरवर येतो ते बघ आणि तो नंबर तिकडे चालू राहील अशी सोय इथूनच कर.

कॉलची वेळ आजीच्या घड्याळाला बांध, तुझ्या नाही. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर सरकतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. माझी आई पहिल्या ऑक्टोबरात फोन घेऊन एक तास बसून राहिली होती. त्यानंतर मी ठरवलं, तिची वेळ हलणार नाही, हलायचं ते मी.

---

मागे_राहिलेला_बाप

बाळा, मी घरी राहिलेल्यांच्या बाजूने लिहितो. मुलगी परदेशी गेली तेव्हा माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, असंच होतं.

जाण्याआधी तिने त्यांना टॅबलेट आणून दिला, सगळं शिकवलं, वहीत मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून दिल्या. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर कसलीशी सूचना आली आणि नाना घाबरले. पुन्हा त्यांनी टॅबलेटला हात लावला नाही. वहीत त्या सूचनेचं काही नव्हतं. म्हणून आजीला सगळं शिकवत बसू नकोस. घरातला एक माणूस ठरव, ज्याने यंत्राच्या बॅटऱ्या बघायच्या, कॉल लावून द्यायचा आणि मग खोलीतून बाहेर जायचं. हे बाहेर जाणं फार महत्त्वाचं. आम्ही सगळे भोवती बसायचो आणि नानांच्या वतीने आम्हीच बोलायचो. ते नुसते हसायचे. एकटे बसायला लागले तेव्हा बोलायला लागले.

आणि सराव आत्तापासून कर. तू घरात असतानाच दुसऱ्या खोलीतून कॉल लाव. काही बिघडलं तर धावत येता येतं. तू गेल्यावरचा पहिला कॉल हा आजींचा पहिला कॉल असू नये.

---

शेवटचं_सत्र

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज ४९ दिवस उरलेत, म्हणून काय काय झालं ते लिहिते.

उजव्या कानात खरंच मळ होता, तो काढला. यंत्र नव्याने लावून घेतलं. तपासणीचा आलेख बघताना मला कसंतरी झालं. २,००० हर्ट्झच्या पुढे रेष सरळ खाली उतरत जाते. मी वर्षभर लॅबमध्ये असेच आलेख बघतेय, बेअरिंग कुठे झिजलंय ते त्यावरून सांगतेय, आणि शेजारच्या पलंगावर काय चाललंय ते मला माहीत नव्हतं.

पहिले चार दिवस अर्धा तास, आता दीड तास घालते. भांडी घासायच्या वेळी काढून ठेवते, तेवढी सूट तिने मागून घेतली. लसीचा पहिला डोस आणि टीबीची चाचणी एकाच सोमवारी झाली. ट्रान्सक्रिप्ट मिळालं, पाकिटं पाच घेतली.

बॅटऱ्यांचं काम धाकट्या भावाकडे आहे. रात्री नऊला तो कॉल लावतो आणि बाहेर जातो. मी गच्चीच्या जिन्यात, दिव्याखाली बसते. पहिल्या रात्री आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होतो, काय बोलावं तेच सुचेना. चौथ्या रात्री तिने आपणहून विचारलं, "तुझं ते रीडिंग आलं का?"

'स' अजून निसटतोच. त्यावर उपाय तिनेच काढला. म्हणाली, आकडा असला की बोटं दाखवत जा. काल मी म्हटलं, उद्या सातला निघायचंय, आणि दोन्ही हात वर करून सात बोटं दाखवली. तिने स्क्रीन जवळ घेतली, एकेक बोट मोजलं आणि म्हणाली, "सात." मग थोडा वेळ तशीच बघत राहिली आणि म्हणाली, "वर ये आता, डोळे लाल झालेत तुझे."

मी खाली नव्हते, वर जिन्यात होते. पण मी लगेच उठले.